कांचेचा कावळा

लेकीच्या घरीं पाहुणा म्हणून राहण्याचा प्रसंग आला कीं पहिले आठ दिवस मोठ्या मजेंत जातात. नवव्या दिवसापासून, आपण येथें कोणाच्याच उपयोगाचे नाहीं, ही जाणीव हळूहळू बोंचूं लागते. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही उभयतां वॉशिंग्टनला मुलीकडे गेलों असतां आमची नेमकी हीच अवस्था झाली. सकाळीं मुलगी कामावर जाई. आमचें कुटुंब तिच्या स्वयंपाकघरांतील डब्यांची पुनर्रचना करण्यांत रंगून जाई. आणि आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें विद्यार्थ्यांपुढें वर्ड्स्वर्थ आणि शेले यांचे गोडवे गाण्यांत घालविलेले आम्ही खिडकींत बसून रस्त्यावरच्या मोटारी मोजूं लागूं. अखेर एके दिवशीं कंटाळून छत्रीवांचून बाहेर पडलों, आणि व्हावयाचें तेंच झालें. पावसानें भर रस्त्यांत गांठलें. समोर पिंवळसर दगडाची, वाऱ्यापाण्यानें झिजलेल्या कड्याप्रमाणें वळणें घेत गेलेली एक विशाल इमारत दिसली. दारावर तिकीट नव्हतें. ज्ञानाची तृष्णा अनावर होऊन आम्ही संग्रहालयांत शिरलों असें येथें लिहितां आलें असतें तर शोभून दिसलें असतें. परंतु खरें सांगावयाचें तर आम्ही कोरडे राहण्यासाठीं शिरलों.

तें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचें राष्ट्रीय संग्रहालय होतें. २००४ सालीं उघडलेल्या त्या वास्तूंत त्या वर्षीं एक पाहुणें प्रदर्शन आलें होतें. त्याचें नांव ‘डोमकावळा आणि प्रकाशाची पेटी’. दालनांत मुद्दाम अंधार केलेला होता. डोळे सरावेपर्यंत आम्ही भिंतीला धरून उभे राहिलों, आणि मग समोर, उजेडाच्या एका झोतांत, पक्षी दिसला. चोंच कावळ्याची, ठेवण कावळ्याची, ‘तुमच्या पानांतलें आतां उचलतों’ असें सुचविणारी ती लबाड ऐटहि कावळ्याचीच; पण सर्वांग दुधासारखें पांढरें, आणि तेंहि कांचेचें. कावळे इथून तिथून काळेच, ही आमची पन्नास वर्षांची पक्की समजूत. तिला तेथें पहिला तडा गेला.

या पक्ष्याची गोष्ट पुढच्या दालनांतून, एकेका शिल्पानें, पुढें सरकत होती. सृष्टीच्या आरंभीं सगळीकडे काळोख होता आणि डोमकावळा तेवढा पांढरा होता. नास नांवाच्या नदीच्या उगमाकडे एक धनाढ्य म्हातारा राहत असे. त्याच्या घरीं तीन कोरीव पेट्या होत्या. एकींत तारे, दुसरींत चंद्र आणि तिसरींत दिवसाचा प्रकाश. म्हाताऱ्यानें तें सर्व झांकून ठेविलें होतें. कावळ्यानें हेमलॉक वृक्षाच्या एका बारीक सुईचें रूप घेतलें आणि म्हाताऱ्याची मुलगी पाणी पीत असतां तो त्या पाण्याबरोबर तिच्या पोटांत गेला. यथाकाल तिला मुलगा झाला. आजोबांचा तो जीव कीं प्राण. पोर रडूं लागलें. त्याला पेटी पाहिजे होती! आजोबांनीं थोडा वेळ दम धरला आणि मग तारे असलेली पेटी नातवापुढें सरकविली. पोरानें झांकण उघडतांच तारे घराच्या धुराड्यांतून वर निसटले. पुन्हा रडें, पुन्हा आजोबा विरघळले, चंद्र गेला. तिसऱ्या खेपेस पोरानें प्रकाशाची पेटी हातीं येतांच आपलें मूळ रूप घेतलें आणि ती घेऊन तो धुराड्यांतून उडाला. तेथील काजळीनें तो काळा झाला, असें कांहीं सांगतात. बाहेर एकाएकीं उजाडलेलें पाहून माणसें भेदरलीं. ज्यांच्या अंगावर रानांतल्या जनावरांचीं कातडीं होतीं तीं रानांत पळालीं आणि जनावरें झालीं. ज्यांच्या अंगावर जलचरांचीं होतीं त्यांनीं समुद्रांत उड्या घेतल्या. जीं जागचीं हललीं नाहींत तीं माणसें राहिलीं.

सृष्ट्युत्पत्तीच्या कथा आम्हीं पुष्कळ वाचल्या आहेत. परंतु सूर्य, चंद्र आणि तारे जगाला मिळाले ते केवळ एका आजोबाला नातवाचें रडें ऐकवलें नाहीं म्हणून, ही कल्पना आम्हांला अपूर्व वाटली; आणि घराघरांतून दिसणाऱ्या अनुभवाशीं तिच्याइतकी जुळणारी उपपत्ति दुसरी कोठेंहि आढळलेली नाहीं.

हे लोक त्लिंगिट. लिहितात असें, अमेरिकन मनुष्य उच्चारतो ‘क्लिंकिट’. अलास्काच्या आग्नेय भागांत, जेथें समुद्र, बेटें आणि हिमनद्या एकमेकांत गुंतून पडल्या आहेत, तो त्यांचा देश. शिल्पकाराचें नांव प्रेस्टन सिंगलटरी. जन्म १९६३ सालचा, सान फ्रान्सिस्कोचा. वाढला सिएटल शहरांत. तारुण्यांत त्याला वेड गाण्याबजावण्याचें. कांचेच्या एका कारखान्यांत रात्रीचा पहारेकरी म्हणून तो लागला आणि तेथें फुंकनळी हातीं धरावयास शिकला. अगोदर त्यानें युरोपीय वळणाचीं भांडीं केलीं. आपल्या आईकडच्या कुळाच्या आकृति कांचेवर उतराव्यात हें त्याला मागाहून सुचलें. रंगाच्या एकावर एक पुटांचें भांडें फुंकावयाचें. तें थंड झाल्यावर जो भाग राखावयाचा तो झांकावयाचा. आणि उरलेल्या भागावर वाळूचा जोरदार मारा करून वरचें पूट खरवडून काढावयाचें, म्हणजे आंतला रंग उमटतो. २०१८ सालीं टॅकोमा येथील कांचेच्या संग्रहालयांत हें प्रदर्शन प्रथम मांडलें गेलें, आणि त्याची मांडणी मिरांडा बेलार्ड-लुईस या त्लिंगिट वंशाच्या विदुषीच्या साहाय्यानें झाली.

आमचें पहिलें मत मात्र प्रतिकूल झालें हें कबूल करावयास हवें. लांकडाची विद्या कांचेंत आणणें आम्हांला पटेना. ज्या लोकांनीं सीडरच्या अजस्र वृक्षांवर वाकस चालवून अस्वलें आणि देवमासे जागे केले, साल्मन माशाचीं अंडीं चघळून त्यांच्या चिकट रसांत रंग कालविले, एकाच फळीला वाफ देऊन, तीन ठिकाणीं वांकवून, चौथा कोपरा शिवून पेट्या केल्या, त्यांच्या नातवानें विजेच्या दिव्याखालीं कांचेचीं बाहुलीं मांडावींत! आम्ही नाक मुरडून बाहेर जाणार इतक्यांत खालीं लक्ष गेलें. एका शिल्पावर कोरलेल्या आकृतीची सावली जमिनीवर पडली होती. आणि ती सावली काळी नव्हती, रंगीत होती. लांकडाला हें साधलें नसतें. शिवाय गोष्ट कशाची? प्रकाशाची. ती सांगावयास प्रकाश आरपार जाऊं देणारा पदार्थ निवडला तर त्यांत काय बिघडलें? पुढें असेंहि वाचनांत आलें कीं कांच या लोकांना परकी नव्हे. व्यापारी गलबतांनीं समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांच्या बदल्यांत रंगीत मणी आणले आणि त्लिंगिट स्त्रियांनीं ते आपल्या नक्षींत केव्हांच सामावून घेतले. परंपरेचा कैवार घेण्याची आम्हां परक्यांना फार घाई असते. ज्यांची परंपरा ते इतके हळवे नसतात.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही पुन्हा तेथें गेलों. पांढऱ्या कावळ्यासमोर येतांच कुटुंबानें संवयीनें हात जोडले. मुलगी हंसून म्हणाली, “आई, तो देव नाही.” कुटुंब म्हणालें, “नसूं दे. कावळा आहे ना?” या उत्तरावर आम्हां बापलेकींजवळ कांहीं बोलावयास उरलें नाहीं.

मुलीचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत जे पाद्री त्या किनाऱ्यावर उतरले त्यांनीं ते उंच कोरीव खांब पाहून हे मूर्तिपूजक आहेत असा निवाडा दिला, आणि कित्येक ठिकाणीं ते खांब तोडावयास लाविले. मूर्तिपूजेंत वाढलेल्या आम्हांलाहि पहिला भास तोच झाला. दोघांचीहि चूक. त्लिंगिट मनुष्य खांबाची पूजा करीत नाहीं. खांबावरचा बेडूक, बीवर किंवा अस्वल हें त्या कुळाचें बिरुद आहे. आणि त्या बिरुदामागें त्या कुळाच्या पूर्वजावर गुदरलेला एखादा प्रसंग आहे. केव्हां केव्हां तर खांब म्हणजे निव्वळ खतावणी असते. अलास्का १८६७ सालीं रशियाकडून विकत घेणारा अमेरिकन मंत्री सीवर्ड पुढें दोन वर्षांनीं तिकडे गेला, तेथील एका प्रमुखानें त्याचा मोठा सत्कार केला, भेटी दिल्या. सीवर्डनें परतफेड केली नाहीं. तेव्हां त्याचाहि खांब उभा राहिला. सॅक्समन गांवीं तो आजहि आहे, २०१७ सालीं नव्यानें कोरलेला. एकूण उधारी चालूच आहे!

या बिरुदाला, आणि बिरुदाबरोबर येणाऱ्या गाण्यांना, नांवांना, गोष्टींना आणि जागांना त्यांच्या भाषेंत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘अटऊ’ असा कांहींसा होतो, आणि अर्थ ‘विकत घेतलेली वस्तु’ असा आहे. प्रथम आम्हांला हा शब्द फार व्यापारी वाटला. वंशपरंपरेच्या ठेव्याला कोणी ‘विकत घेतलेला’ म्हणतें काय? मग किंमत कशांत दिली तें समजलें. ग्लेशियर बे म्हणून जो उपसागर आहे तेथील हिमनदी चूकानेदी कुळाची ‘अटऊ’ आहे. कारण पूर्वीं ती हिमनदी गांवावर चाल करून आली तेव्हां सारा गांव होड्यांतून निघून गेला, आणि त्या कुळाची एक स्त्री मागें राहून तिच्याखालीं गेली. किंमत ती. अशा गोष्टी ज्या कुळाच्या त्यानेंच सांगावयाच्या. दुसऱ्यानें सांगितल्या तर ती चोरी. डोमकावळ्याच्या कथा मात्र सर्वांच्या. म्हणूनच आम्हीं येथें इतक्या मोकळेपणानें सांगितली.

आणखी एक रीत आम्हांला फार हृद्य वाटली. सबंध त्लिंगिट समाज दोन पक्षांत विभागलेला आहे. एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा, किंवा कोठें कोठें लांडग्याचा. लग्न व्हावयाचें तें समोरच्या पक्षांत. मूल आईच्या कुळाचें. मुलाला वळण लावावयाचें मामानें, आणि तो मामा आपल्याकडच्या शिकरण-पोळीच्या मामासारखा नव्हे; हिंवाळ्यांत पहांटे भाच्याला समुद्राच्या बर्फगार पाण्यांत बसविणारा मामा! आतां एखाद्या कुळाला आपल्या घराचा खांब कोरून घ्यावयाचा असला तर तो त्या कुळाच्या मनुष्यानें कोरूं नये, समोरच्या पक्षाच्या कारागिराला, बहुधा मेहुण्यालाच, बोलवावें. आणि मग मोठें भोजन घालून, सर्व पाहुण्यांच्या साक्षीनें, त्याला त्याचा मोबदला द्यावा, असा दंडक. म्हणजे आमच्या घराण्याची कथा आम्हीं सांगावयाची, पण ती लांकडावर उमटवावयाची आमच्या सोयऱ्यांनीं, आणि ती खरी आहे याला साक्षी राहावयाचें तेंहि त्यांनींच. सिंगलटरी स्वतः गरुडाच्या पक्षाचा, कागवान्तान कुळाचा. त्यानें कांचेंत आणला तो समोरच्या पक्षाचा कावळा. व्याही-विहिणींच्या रुसव्याफुगव्यांत मुरलेल्या आम्हां लोकांना हें सोयरिकीचें दुसरें टोंक दिसतें.

घरीं परतल्यावर वाचनाचा नाद लागला. प्राध्यापकी पेशाचा हा दोष आहे. पाहिलेल्या वस्तूवर समाधान होत नाहीं, तिच्यावरचें पुस्तक पाहिजे. बिल होम नांवाच्या अभ्यासकाचें १९६५ सालचें पुस्तक मिळविलें. त्यानें त्या सर्व किनाऱ्यावरच्या आकृतींचें व्याकरणच लिहिलें आहे. कोठेंहि न तुटणारी, जाड-बारीक होत जाणारी मुख्य काळी रेषा, तिच्या आंत तांबडी, आणि मधून मधून निळा-हिरवा रंग. डोळा, सांधा आणि शेपूट हीं सर्व एकाच अंडाकृति घाटाच्या निरनिराळ्या विभक्ति. तें वाचल्यावर जो गोंधळ दिसत होता तो वाक्य होऊन वाचतां येऊं लागला. परंतु आमचें मन तेथें रमलें नाहीं. तें क्लक्वान गांवच्या ‘देवमाशाच्या घरा’पाशीं जाऊन अडकलें.

चिल्कॅट नदीच्या कांठीं क्लक्वान म्हणून गांव आहे. तेथें गानाख्तेदी कुळाचें हें घर, आणि त्यांत चार कोरीव खांब व एक कोरीव, रंगविलेला लांकडी पडदा. जाणते लोक त्यांना या सबंध कलेचा मुकुटमणि म्हणतात. एका खांबावर डोमकावळा आहे. एकावर समुद्रांतील अद्भुत प्राणी. एकावर लांकूड पोखरणाऱ्या किड्याला पोटच्या पोरासारखें वाढविणारी मुलगी. आणि चौथ्यावर डुकटूट्ल. हा डुकटूट्ल सर्वांच्या चेष्टेचा विषय. आळशी म्हणून हिणविलेला, चुलीच्या राखेंत झोंपून काळा पडलेला. पण तो रोज रात्रीं, सगळे निजले म्हणजे, एकटाच समुद्राच्या थंड पाण्यांत शरीर कमावीत असे. आणि वेळ आली तेव्हां त्यानें प्रचंड समुद्रसिंहाचे हातांनीं उभे दोन तुकडे केले. खांबावर कोरला आहे तो हाच प्रसंग. जरासंधाची गोष्ट लहानपणीं ऐकलेल्या वाचकांना तो खांब कोणीं समजावून द्यावयास नको.

या खांबांवर अनेकांचा डोळा होता. त्यांपैकीं एकाची हकीकत वाचतांना आमची झोंप उडाली. लुई शॉट्रिज हा त्याच गांवचा त्लिंगिट. इंग्रजी शिकलेला, नीटनेटक्या पोषाखाचा, लिहिणारा, व्याख्यानें देणारा. १९१२ पासून १९३२ पर्यंत तो फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाच्या संग्रहालयांत नोकरीस होता, आणि त्याचें काम काय, तर आपल्याच लोकांच्या वंशपरंपरेच्या वस्तु विकत घेऊन संग्रहालयांत धाडणें. त्याचे वडील देवमाशाच्या घराचे प्रमुख. परंतु त्लिंगिट कायद्यानें वारसा मुलाकडे जात नाहीं, भाच्याकडे जातो, आणि शॉट्रिज आईच्या बाजूनें कागवान्तान. तरीहि त्यानें त्या खांबांसाठीं व पडद्यासाठीं साडेतीन हजार डॉलर देऊं केले. गांवानें नाहीं म्हटलें. स्वतःच्या कुळाचें शार्क माशाचें शिरस्त्राण मात्र त्यानें मिळविलें. तें घेऊन जातांना त्याला अडविणारा जुना योद्धा घरांत कोणी उरला नव्हता, होत्या त्या कांहीं वृद्ध स्त्रिया, आणि त्या रडण्यापलीकडे कांहीं करूं शकत नव्हत्या, असें त्यानें स्वतःच १९२९ सालच्या लेखांत लिहून ठेविलें आहे.

आपल्या वस्तु नाहींशा होणारच आहेत, तर निदान मोठ्या शहरांत, मोठ्या लोकांच्या शेजारीं त्या राहाव्यात, म्हणजे आपलें नांव राहील, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तो लोभी नव्हता. तो सुशिक्षित होता. येथें पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसलों.

कारण आमचेंहि एक घर होतें. कोंकणांतलें. आमच्या पणजोबांनीं बांधलेलें, आणि ओटीवरून माजघरांत जातांना दोन्ही बाजूंस फणसाच्या लांकडाचे दोन कोरीव खांब. २००१ सालीं वडील वारले. दहाव्या दिवशीं नदीवर पिंड ठेविला आणि कावळा शिवेना. झाडावर पांच-सहा बसलेले. एकहि खालीं येईना. ऊन चढलें. भटजी घड्याळाकडे पाहूं लागले. प्रत्येकानें हात जोडून कांहींना कांहीं कबूल करून पाहिलें. धाकट्या बहिणीच्या लग्नाचें झालें, आईला सांभाळण्याचें झालें. अखेर काकांनीं आमच्याकडे पाहिलें. या गोष्टींवर आमचा विश्वास नाहीं, तेव्हांहि नव्हता. तरी आम्ही पुढें झालों आणि मोठ्यानें म्हणालों, “नाना, घर मोडणार नाहीं.” पुढें काय झालें तें सांगावयास नको. पक्ष्यांना भूक लागते, आणि माणसें जरा मागें सरलीं कीं ते खालीं उतरतात, असें आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें आहे.

२००९ सालीं घर मोडलें. भाऊबंद चौघे, राहणारा कोणी नाहीं, छप्पर गळूं लागलेलें. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला; खांबांवर बोटांनीं टिचक्या मारून त्यानें दोन्ही खांबांचे मिळून चाळीस हजार सांगितले. कागदावर चार सह्या पाहिजे होत्या, आणि चौथी आमची होती. आमचा युक्तिवाद आम्हांला शब्दशः आठवतो. ‘येथें वाळवी खाईल; कोठेंतरी चांगल्या जागीं तरी राहतील.’ शॉट्रिज आम्हांला तेव्हां ठाऊक नव्हता. चुलतभावांपैकीं एकाला मध्यंतरीं कोणींसें सांगितलें कीं ते खांब एका मोठ्या उपाहारगृहाच्या दारांत उभे आहेत. खरें खोटें आम्हीं पाहिलें नाहीं. पाहावयास गेलोंहि नाहीं.

क्लक्वानचें पुढें काय झालें तें सांगतों. परवानगीवांचून अशी वस्तु बाहेर नेऊं नये असा नियम गांवानें १९७६ सालीं केला. तरी १९८४ सालीं कुळांतल्याच कांहीं मंडळींनीं खांब आणि पडदा एका व्यापाऱ्याला विकले, आणि ते गांवाबाहेर गेले. गांवानें फिर्याद केली. जवळजवळ दहा वर्षें त्या वस्तु सिएटलच्या एका वखारींत न्यायालयाच्या हवालीं पडून होत्या. अखेर १९९३ सालीं गांवाच्याच न्यायालयानें निवाडा दिला: ही मालमत्ता कुळाची आहे, कुळांतल्या कोणा एकाला, किंवा चौघांना, ती विकण्याचा अधिकार नाहीं. १९९४ सालीं खांब गांवीं परत आले. ‘किंवा चौघांना’ हे शब्द निकालांतले नव्हेत, ते आमचे.

दुसरी एक वस्तु अशीच परतली. अँगून गांवावर २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं अमेरिकन आरमारानें तोफा डागल्या आणि उरलेलीं घरें जाळलीं. धुरानें गुदमरून सहा मुलें मेलीं. होड्याहि फोडून टाकल्या. वांचली ती एक, त्या वेळीं गांवाबाहेर असलेली, आणि तिच्या नाळेवर बीवर कोरलेला होता. हिंवाळा तोंडावर, सांठविलेलें अन्न जळालेलें. त्या एका होडीनें लांकूडफाटा आणि मासळी आणून गांव जगविला. होडी पुढें निकामी झाली तेव्हां माणसाला द्यावा तसा तिला अग्नि दिला, असें सांगतात. नाळेवरचा बीवर मात्र नाहींसा झाला होता. १९९९ सालीं अँगूनचीं कांहीं वृद्ध माणसें न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचें कोठार पाहावयास गेलीं असतां फडताळावर तो त्यांना दिसला. त्याच वर्षीं तो गांवीं गेला. आरमारानें गांवांत येऊन क्षमा मागितली ती २०२४ सालीं, बरोबर एकशें बेचाळीस वर्षांनीं, त्याच तारखेला.

वॉशिंग्टनहून निघण्याच्या आदल्या रात्रींची गोष्ट राहिली. ती वरच्या सर्व वाचनाच्या अगोदरची. परंतु तिचें स्थान येथेंच आहे. जेवणें झाल्यावर मुलीनें, प्रदर्शनाचाच विषय चालला होता म्हणून, सहज विचारलें, “बाबा, कोंकणातल्या घराच्या खांबांवर काय कोरलेलं होतं हो? मी फार लहान होते.” आम्हीं सांगूं लागलों. खालीं तळखडा, त्यावर कमळाच्या पाकळ्या, मग चौकोनी भाग, त्यावर वेल, आणि अगदीं वर, तुळईच्या खालीं, पोपटांची जोडी. ती कागद-पेन्सिल घेऊन आली आणि आमच्या सांगण्याबरहुकूम काढूं लागली. “कुणी कोरले होते?” आम्हांला आठवेना. कुटुंब म्हणालें, “मामंजी सांगत, शेजारच्या गांवचा सुतार होता, त्याचे पैसे फेडायला सासूबाईंच्या आजेसासूबाईंनी पाटल्या मोडल्या म्हणून.” हें आम्हांला ठाऊक नव्हतें. आमच्या घरांतली गोष्ट, आमच्याच वडिलांनीं सांगितलेली, आणि ती ठाऊक होती ती दुसऱ्या घरांतून आलेल्या आमच्या कुटुंबाला.

मुलगी वरच्या पोपटांपर्यंत पोंचली आणि तिची पेन्सिल थांबली. पोपटांचीं तोंडें एकमेकांकडे होतीं कीं विरुद्ध दिशांना? आम्हीं डोळे मिटले. ओटी आठवली, उंबरठा आठवला, खांबाला टेंकून पानाचा डबा उघडणारे नाना आठवले. कुटुंब म्हणालें, एकमेकांकडे. आमच्या डोळ्यांपुढें तीं विरुद्ध दिशांना होतीं. मुलीनें ती जागा कोरी सोडली आणि कागदाच्या कोपऱ्यांत तारीख घातली.